पाच हजार व्हॅटचा मुका डबा

अन् वरून मलाच सांगतो की पुनाभाऊ, एकदा कान दाखवून घ्या! माझे कान! अहो, मी ओट्यावर बसल्या बसल्या सांगतो शेतातल्या मोटारीनं पाणी उचललं की नुसती हवा ओढून राहिली, अन् हा जळगावचा रतिलाल शेठ, पंख्याखाली गादीवर मांडी घालून, मला म्हणतो कान दाखवा. म्हटलं शेठ, कान नंतर दाखवू, आधी हा तुमचा स्पीकरचा डबा बघा. पाच हजार व्हॅट लिहिलंय याच्या पाठीवर, अन् माझ्या बायकोला तो शेतातल्या लिंबाच्या झाडापलीकडं ऐकू येत नाही. तर तो काय म्हणतो? डबा फिरवला, बोट ठेवलं, म्हणे हे काय, लिहिलंय ना पाच हजार, मग आहे! लिहिलंय म्हणून आहे... तुम्हाला सांगतो, तिथंच माझं डोकं फिरलं. म्हटलं, शेठ, पाटी नका दाखवू, आवाज कुठवर जातो ते सांगा.

आता तुम्ही म्हणाल, एका डब्यापायी हा माणूस एवढा का तापला. तर ते मुळापासून सांगावं लागतं.

आमच्याकडं श्रावणात कानबाई देवी बसते. खानदेशातल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं, पण तुमच्यात कोणी बाहेरचा असला तर त्यानं ऐकावं. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी सगळी भाऊबंदकी एका घरात गोळा होते. वर्षभर बांधावरून एकमेकाच्या अंगावर जाणारे, एकाच्या लग्नाला दुसरा न जाणारे, सगळे मांडीला मांडी लावून देवीच्या प्रसादाचे रोट खातात. अन् सोमवारी सकाळी बाया कानबाई डोक्यावर घेऊन तिला बोळवायला नदीवर निघतात, गाणी म्हणत. गाणी कोण सांगतं? माझी आई, पार्वताबाई. ती एक ओळ टाकते, बाकीच्या झेलतात. ती नसली तर बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघतात, ही म्हणेल, ती म्हणेल, अन् शेवटी कोणीच म्हणत नाही. बठ्ठी गाणी, सगळीच्या सगळी, त्या एका म्हातारीच्या डोक्यात. वही नाही, काही नाही.

बरं. दोन वर्षांमागं तिचे गुडघे गेले. चालणं संपलं. मग मागच्या साली तिला बैलगाडीत बसवली अन् गाडी ठेवली सगळ्यात मागं. मधी साठ-सत्तर बाया, सगळ्यात पुढं कानबाई, अन् कानबाईच्याही पुढं काय असावं? डीजे! माझा चुलतभाऊ प्रेमराज, त्यानं आणला. धुळ्याहून. ट्रकभर डबे, अन् त्याचा तो धडधडाट... छातीत की बाहेर तेच कळेना. आई मागून ओळ टाकायची ती दोन रांगा जायची अन् मरून पडायची. पुढच्या बाया म्हणे मागून काय आलं, त्यांच्या पुढच्या म्हणे काही नाही, चाल. अर्ध्या रस्त्यात आई गप्प झाली. घरी आली, पाय धुतले, अन् चुलीकडं तोंड करून म्हणाली, "मना आवाज कोनले ऐकू जास नई, ते मी कसाले येऊ? आते माले बलाऊ नका."

बस, एवढंच. भांडली नाही, रडली नाही. माझ्यासारखी भांडी आपटली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी तसाच निघालो अन् पारावर जाऊन प्रेमराजला धरला. काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही, बायामाणसं बसलीत. तो शांत. आमच्या भाऊबंदकीत शांत तेवढा एकच, त्याचाच जास्त राग येतो. मला म्हणे, पुना, काकूचा आवाज माझ्या डीजेच्या वर काढून दाखव, मी माझ्या हातानं बटण बंद करतो. चार माणसांदेखत बोलला. मी म्हटलं काढतो. तो म्हणे काढ. म्हटलं काढतोच!

म्हणायला काय जातं? पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

या साली आषाढात जळगावला ठिबकच्या नळ्या आणायला गेलो, तर रतिलाल शेठचं दुकान दिसलं. आत डबेच डबे. एकावर पाचशे व्हॅट, एकावर हजार, अन् एक होता काळाकुट्ट, पुढं लाल-निळे दिवे पळून राहिले, पाठीवर ठसठशीत पाच हजार. मी बोट ठेवलं, हाच! अन् मनात म्हटलं, पुना, पाच हजार नाही, सात हजार घेऊन चाललास तू.

सात कसे? हां, इथंच तर गंमत झाली. तुमच्यात वायरमन कोणी बसला असेल तर त्यानं जरा बाहेर तंबाखू मळून यावं. गेला? आमच्या भागात विहिरीवरच्या मोटारीची पाटी म्हणजे काय असते? पाटीवर तीन हॉर्सपॉवर अन् आत पाच. पाटीवर पाच अन् आत साडेसात. का, तर बिल पाटी बघून लागतं, हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, अन् तंबाखू मळून राहिला त्यालाही माहीत आहे. म्हणजे लहानपणापासून आम्हाला एकच शिक्षण, पाटीवर लिहिलंय त्याच्यापेक्षा आत जास्त असतं. चौथीपर्यंत शाळेत गेलो पण हे मी विहिरीवर शिकलो. आता मला सांगा, जगात अशीही वस्तू असते की पाटीवर जास्त अन् आत कमी, हे माझ्या बापाच्या स्वप्नात तरी आलं असतं का?

डबा शेतात नेला. आमचं शेत लांबट, पट्टीसारखं. या टोकाला विहिरीजवळ डबा ठेवला, त्या टोकाला बायकोला उभी केली, ताईबाईला, हातात टॉवेल. ऐकू आलं की टॉवेल वर करायचा. मी माईक धरला, हॅलो. टॉवेल खाली. हॅलो, हॅलो, एक दोन तीन. टॉवेल खालीच. म्हटलं चार पावलं पुढं ये. आली. हॅलो! नाही. आणखी ये. असं करत करत ती अर्ध्या शेतात आली, लिंबाच्या अलीकडं, तेव्हा कुठं टॉवेल जरा हलला, तोही वाऱ्यानं हलला की काय देव जाणे. आवाज फाटका, खरखर, शब्द एक कळेना. मी वायर उपटली, माईक फेकला, अन् त्या डब्याला, त्याच्या बनवणाऱ्याला, त्याच्या आजोबाला काय काय म्हटलं... तर टॉवेल वर! चांगला सरळ वर! म्हणजे पाच हजार व्हॅट ऐकू गेले नाहीत अन् माझ्या शिव्या शब्द न् शब्द गेल्या.

त्याच्यानंतर मी गेलो शेठकडं, तो मघाशी सांगितला तो प्रसंग. कान दाखवा म्हणाला तो. बरं, मी उठत नाही म्हटल्यावर त्यानं सूर बदलला. "असं करा ना पुनाभाऊ, याला जोड लावा. दुसरा घेऊन जा. पाच अन् पाच दहा हजार, गाव हलेल." मला पटलं हो! लाज वाटते सांगायला, पण पटलं. का नाही पटणार? एक बैल ओढत नसेल तर जोडीला दुसरा जुंपतो की नाही आपण?

दुसरा नेला. पुन्हा विहीर, पुन्हा टॉवेल, पुन्हा ताईबाई उन्हात, पदर डोक्यावर, तोंडातल्या तोंडात माझा उद्धार करून राहिलेली. दोन्ही डबे लावले. हॅलो! अन् काय सांगू, ती लिंबाच्या अलीकडं होती ती लिंबाच्या बुंध्यापाशी गेली. एवढंच. पाच हजार व्हॅट वाढवले अन् आवाज एक झाड पुढं सरकला! मी डोक्याला हात लावून बांधावर बसलो. दुसरा बैल जुंपला अन् गाडी जागची हलेना, असं कधी पाहिलंय का? श्रावण लागायला आठ दिवस. अन् घरात आई कानबाईचं नाव काढलं की उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

ताईबाई म्हणाली, शिव्या देऊन व्हॅट वाढत नसतात, माझ्या बहिणीच्या गल्लीत, धुळ्याच्या देवपुरात, एक दुकान आहे, ते लोक जयंतीच्या सगळ्या सभांना माईक लावतात, तिथं दाखवा. मी दोन्ही डबे मोटरसायकलला बांधले, एक मागं, एक पुढं टाकीवर, अन् धुळ्याला. देवपुरात दुकान सापडलं. आत एक पोरगी बसलेली, पंचवीस-सव्वीसची, नाकावर चष्मा, हातात तापलेली सळई का काय ते, तारांना जोड लावायचं. मी म्हटलं, मालकाला बोलाव. ती मान वर न करता म्हणे, बोला. म्हटलं, बाई, मालक. ती म्हणे, बोला ना काका, मीच. प्रज्ञा तिचं नाव. मी म्हटलं आता हिला काय कळणार, पण गावाहून एवढं ओझं आणलेलं, म्हटलं बघ तर बघ. पण आधीच सांगितलं, पाटी वाचून नको दाखवू, आवाज कुठवर जातो ते सांग.

तर ती हसली. म्हणे, काका, एवढा बरोबर प्रश्न माझ्या दुकानात कोणीच विचारत नाही.

तुम्हाला सांगतो, कौतुक झाल्यावर मी काय करू तेच सुचेना, मला त्याची सवय नाही. मी खाली बसलो.

तिनं डबा खोलला. आत काय? अर्धा डबा पोकळ. कोंबडी ठेवा आत, अंडी घालेल. चुंबक केवढं, बिस्किटाएवढं. म्हणे, काका, याच्यात धरून-सोडून चाळीस व्हॅट आहेत. मी म्हटलं चाळीस शेकडा? ती म्हणे नाही, नुसते चाळीस. मग ते पाच हजार कोणाचे? म्हणे, ते डबा मरायच्या आधी, पापणी लवायच्या आत, एकदाच जी किंचाळी फोडेल त्याचा कागदावरचा आकडा. म्हटलं थांब, थांब. म्हणजे पिसाळलेलं कुत्रं मागं लागलं तर मी जेवढा पळेन, तो माझ्या रोजच्या चालण्याचा वेग म्हणून छापायचा? ती म्हणे, हां, तेच छापलंय.

आता मला राग कोणाचा यावा? शेठचा का माझा? मी दोघांचाही आणला.

म्हटलं बरं, चाळीस तर चाळीस, दोन डब्यांचे ऐंशी झाले, मग दुप्पट आवाज का नाही? तिनं विचारलं, काका, भरीत तिखट लागतं का तुम्हाला? म्हटलं खानदेशातला आहे मी, प्रश्न काय विचारतेस. म्हणे, त्याच्यात आहेत त्याच्या दुप्पट मिरच्या टाकल्या तर दुप्पट तिखट लागेल? मी विचार केला. जरा जास्त लागेल. दुप्पट लागायला... आमच्या जिभेला दहापट तरी पाहिजेत. म्हणे, कानाचंही तसंच. दुप्पट व्हॅट म्हणजे कानाला चिमूटभर जास्त. दुप्पट ऐकू यायला दहापट लागतात. आता हे त्या शेठनं सांगितलं असतं तर मी दुसरा डबा टाकीवर घेऊन बसलो असतो का?

अन् मग तिनं ते सांगितलं ज्याच्यानं माझं डोकं उघडलं. म्हणे, काका, म्हैस घेताना तुम्ही काय विचारता, वैरण किती खाते की दूध किती देते? म्हटलं दूध. म्हणे व्हॅट म्हणजे वैरण. हा डबा किती खातो ते पाटीवर असतं, किती ओरडतो ते नसतं. काही म्हशी गव्हाणीची गव्हाण रिकामी करतात अन् तांब्याभर देतात. काही मूठभर खाऊन बादली भरतात. अहो, एवढी साधी गोष्ट! अन् मी घरी चार म्हशी बांधून, गळ्यात पाच हजारांची वैरण खाणारी वांझ घेऊन फिरत होतो.

म्हटलं ताई, तुझ्याकडची बादली भरणारी दाखव. तर ती माळ्यावर चढली अन् काय काढलं? भोंगा! जुना, पत्र्याचा, कडेला ठोकर लागलेला, शाळेच्या झेंडावंदनाला असतो तसला. मी म्हटलं याच्यात किती? म्हणे तीस. मी उठलोच! पाच हजारांवरून तीस? माझ्या गावात प्रेमराज ट्रक आणून राहिला अन् मी तीस व्हॅट घेऊन जाऊ? मग मी जरा तिच्या जवळ सरकलो, आवाज खाली केला, म्हटलं, ताई, पाटीवर तीस, पण आत किती? ती म्हणे, तीस. म्हटलं खरे किती? म्हणे काका, पाटीवर तीस अन् आत तीस. मी तुम्हाला सांगतो, एवढा धक्का मला पाच हजारांचे चाळीस झाले तेव्हाही बसला नव्हता. पाटीवर आहे तेच आत... असं कुठं असतं का?

तिनं भोंग्याचं तोंड दुकानाच्या दारातून बाहेर केलं, माईक घेतला अन् साध्या आवाजात, जसं आपण घरात पाणी मागतो तसं, म्हणाली, रस्त्यात मोटरसायकल कोणाची आहे ती काढून घ्या. गल्लीच्या त्या टोकाला चहावाला होता, तो वळला. त्याच्या पलीकडचे दोघं उठून आपापल्या गाड्या बघायला लागले. मोटरसायकल तर माझीच होती!

मग मी तिला आईचं अन् डीजेचं सगळं सांगितलं. ती म्हणे, नळीच्या तोंडावर बोट दाबलं की तेवढंच पाणी लांब उडतं ना? भोंगा म्हणजे ते बोट. आवाज सगळीकडं सांडत नाही, तोंड कराल तिकडं जातो. अन् डीजेचं निम्मं खाणं त्या धडधडीत जातं, तिच्यानं पोट हलतं, शब्द कळत नाही. आजींना शब्द पोचवायचेत ना? मग त्यांना भोंग्याच्या मागं बसवा, माईक पुढं आला तर भोंगाच शिट्टी मारेल. अन् सांगा, ओरडायचं नाही, रोज गातात तसं गायचं.

भोंगा शेतात लावला. ताईबाई गेली त्या टोकाला. मी नुसतं म्हटलं, ताईबाई, जेवण झालं का? टॉवेल खाली... तिनं दोन्ही कान धरले होते. टॉवेल डोक्याला गुंडाळून घेतला बाईनं!

मग आईला मनवणं. ती म्हणे, मी काय भंगार गोळा करनारी शे, भोंगामाईन बोंबलू? दोन दिवस ऐकेना. मी जेवढा समजावून राहिलो तेवढी ती उलटी. शेवटी ताईबाई तिच्याजवळ बसून काय बोलली ते मला माहीत नाही, मला खोलीच्या बाहेर काढलं होतं. बाहेर येऊन ताईबाई म्हणाली, एक गाणं म्हणतील, ऐकू गेलं तर पुढचं.

सोमवार उजाडला. गाडीला बांबू बांधला, बांबूला भोंगा, तोंड पुढं, आई मागं गोधडीवर. पुढं प्रेमराजचा ट्रक, सुरू झाला धडधडाट. प्रेमराजनं ट्रकवरून मागं भोंग्याकडं बघितलं अन् हसला. म्हटलं हस. आईनं माईक असा धरला जसा साप धरावा. डोळे मिटले. अन् टाकली ओळ.

भाऊ, काय सांगू. ती ओळ बायांच्या डोक्यावरून गेली. पहिली रांग, दुसरी रांग, दहावी, अन् अगदी पुढं जिच्या डोक्यावर कानबाई होती तिनं पाऊल थांबवलं अन् मागं न बघता ओळ झेलली. साठ-सत्तर बायांनी एकदम! धडधडाट चालूच होता, पोटं हलून राहिली होती, पण कानात आई होती. आईनं डोळे उघडले. मी चाक धरून चाललो होतो, माझ्याकडं बघितलं नाही, पण दुसरं गाणं सुरू केलं. मग तिसरं. माझा ऊर असा भरून आला की म्हटलं आता प्रेमराजला शिवीसुद्धा देत नाही.

नदी जवळ आली. नदी आली की गाणं बदलतं, मागणं सुरू होतं. आई भाऊबंदकीतल्या एकेका घराचं नाव घेते अन् त्या घरासाठी कानबाईजवळ मागते. ते आम्ही गडीमाणसांनी जन्मात कधी ऐकलेलं नव्हतं, आम्ही वाजंत्र्यांबरोबर पुढं असायचो, अन् तो बायांचा अन् देवीचा मामला. अन् नेमकं तिथंच प्रेमराजनं शब्द पाळला. ट्रकवरून उतरला, बटण बंद! एकदम सगळं चिडीचूप. नदीचं पाणी ऐकू यायला लागलं. अख्खं गाव दोन्ही काठांवर उभं. अन् भोंग्यातून आई,

"कानबाई माय, प्रेमराजनी विहीरले पानी दे वं..."

प्रेमराजनं हात जोडले. मग निंबाच्या घराला नातू मागितला, निंबाची सून लाजली. छगनच्या घरचं दुखणं काढ म्हणाली. एकेक घर होऊन राहिलं, लोकं डोळे पुसून राहिले. अन् मग,

"कानबाई माय, मना पुनाना राग
तुना संगे पानीमा लई जाय वं...
बायको सोसस, बैल सोसतस,
आखं गाव सोसस वं...
पंचवीस साल मांगी राहिनू,
तू कव्हय ऐकशी वं..."

पंचवीस साल! म्हणजे दरवर्षी! दरवर्षी ही म्हातारी नदीवर येऊन देवीला सांगून राहिली होती की माझ्या पोराचा राग पाण्यात घेऊन जा, अन् मी दरवर्षी पुढं ढोलाजवळ नाचून राहिलो होतो! अन् बायांनी ओळ झेलली ना. सत्तर बाया, एका सुरात, बैल सोसतस, आखं गाव सोसस वं. पलीकडच्या काठाला परीट कपडे धूत होते, तेसुद्धा माना हलवून राहिले. ताईबाई तर सगळ्यात मोठ्यानं म्हणत होती.

मला काय वाटलं असेल? हात बांबूकडं गेला होता, एक झटका दिला की वायर बाहेर. तोंड उघडलं होतं. अन् बघतो तर अख्खं गाव माझ्या तोंडाकडं बघून राहिलं. आता ओरडलो तर देवीनं अजून ऐकलं नाही हे सिद्ध, अन् नाही ओरडलो तर आई म्हणते ते खरं होतं हे सिद्ध. मी तोंड मिटलं. दात दाबून, मान खाली घालून, कानबाई पाण्यात जाईपर्यंत उभा राहिलो. प्रेमराज जवळ आला अन् माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "काकूचा आवाज चांगला निघाला रे." याच्यावर मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. लोकं लगेच म्हणायला लागले, बघा, कानबाईनं ऐकलं!

तेव्हापासून वाणसामानाच्या दुकानात जरा आवाज चढला की मागून कोणीतरी हळूच गुणगुणतं, तुना संगे पानीमा... मग मी काय करणार, पिशवी उचलतो अन् येतो घरी.

अन् आई? ज्या बाईनं सांगितलं होतं आता मला बोलावू नका, ती त्या दिवशी घरी आली, पाय धुतले, रोट खाल्ला, अन् मजेत म्हणाली, "औंदा निस्तं रागनंच सांगं. बाकीनं येता सालले सांगसू."

म्हणजे येत्या श्रावणात बांबू मीच बांधणार, वायर मीच ओढणार, भोंग्याचं तोंड गावाकडं मीच करणार... अन् माझं बाकीचं काय काय आहे ते मलाही तेव्हाच ऐकू येणार.